पणजीच्या पानावर नूडल्स

आमच्या घराण्यात ब्रह्मदेशाहून आलेली पणजी कधीही नव्हती. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढे माझा धीर सुटेल आणि मी पुन्हा तिच्या अंबाड्याचं वर्णन करू लागेन. ती पणजी मी तयार केली. मुलुंडच्या आमच्या घरात, हातात चहाचा कप असताना, आणि चहा निवायच्या आत केली. भावकीतली अर्धी माणसं आजही तिच्या आठवणीने हात जोडतात. मी गेल्यावर भिंतीवर माझ्या शेजारी तीही लागायला नको, म्हणून हा खुलासा.

आम्हा नवराबायकोला मूल नव्हतं. बरीच वर्षं वाट पाहून आम्ही दत्तक घ्यायचं ठरवलं आणि ईशान्येकडच्या एका डोंगराळ राज्यातल्या संस्थेतून आमची लेक आली. वर्षाचीही नव्हती. गोल चेहरा, बसकं नाक, बारीक डोळे. हसली की ते डोळे पूर्ण मिटायचे, आणि ती सारखीच हसायची, त्यामुळे पहिले काही महिने तिला मुलुंड फारसं दिसलंच नसावं.

तिला बघायला दहिसरहून आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण. ती दहिसरला राहून आमचं घर चालवत असे. लेक सतरंजीवर पालथी पडून आक्काच्या पिशवीचा बंद चघळत होती. आक्काने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी मांडीवर घेतली. मुलीला नाही घेतलं.

"आपल्यातली मिळाली नाही का रे एखादी?" ती म्हणाली. "उद्या चार माणसांत हिला काय म्हणून सांगायचं?"

"मुलगी म्हणून," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

आक्काचे हात पिशवीवरच राहिले. मला ते हात बघवेनात. आणि मी म्हणालो, "आक्का, आपली पणजी नव्हती का ब्रह्मदेशची?"

हे कुठून आलं ते सांगतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, हे तिकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. राजा आला म्हणजे त्याचे नोकरचाकर आले, नोकरचाकरांत एखादी मुलगी असणार, आणि आमचे पणजोबा काही अगदीच टाकाऊ नसणार. त्यातून भावकीच्या मेळाव्यासाठी घराण्याची वंशावळ मीच जमवलेली. पूर्वजांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. वंशावळीत सगळे पुरुषच असतात, बायकांची नावं कोणी लिहून ठेवत नाही. पणजोबांच्या शेजारची जागा रिकामीच होती. मी तिथे ब्रह्मदेश भरला.

आक्का थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरीच."

तिला काय उमगलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण तिने पिशवी खाली ठेवली, मुलीला उचलून मांडीवर घेतलं आणि तिचं नाक चिमटीत धरून म्हणाली, "गो बाय, वाट चुकून परत आलीस होय घराला?"

आक्का गेल्यावर बायकोने मला विचारलं, "अहो, हे काय होतं?"

"आक्काने मुलीला घेतलं की नाही?"

"घेतलं. पण तुम्ही जन्माला घातलीत म्हातारी, तुम्हीच पोसा आता."

आणि मी पोसली. आक्काला तपशील लागायचे. पणजी कशी दिसायची? ठेंगणी, मोठा अंबाडा. बोलायची काय? फार बोलत नसे. (तेवढीच सोय.) पुढच्या हळदीकुंकवाला आक्काने सगळ्या सोसायटीतल्या बायकांना लेकीचं नाक दाखवून सांगितलं, "आमच्या पणजीचं आहे हे." नंतर तिला आमच्या आईच्या बांगड्या पणजीच्या वाटू लागल्या. मग तिला पणजीने मांडीवर घेऊन खिमट भरवल्याचंही आठवलं. पणजी आक्काच्या जन्माआधी कितीतरी वर्षं गेली असणार, पण आक्काची आठवण पक्की होती. तिला खिमटात मीठ कमी असल्याचंही आठवत होतं. आक्काचे डोळे चांगले बटाट्यासारखे. तरी आरशात बघून ती म्हणायची, "माझेही जरा बारीकच आहेत, नाही?" गुडघे दुखू लागले तेव्हा डॉक्टरांना म्हणाली, "आमची हाडं ब्रह्मदेशी आहेत."

पितृपक्षात आम्ही म्हाळ घालतो. गेलेल्या माणसांच्या नावाने केळीची पानं वाढायची, ती गच्चीवर ठेवायची आणि कावळ्याने शिवली की जेवायचं. आक्काने जाहीर केलं की इतकी वर्षं पणजीला उपाशी ठेवलं म्हणूनच घरात पाळणा हलत नव्हता. तिचं वेगळं पान मांडायचं.

"आणि तिला आपले वडे-खीर कसे चालतील? त्यांच्यात काय खातात रे?"

"शेवयांसारखं काहीतरी. तिखट."

आक्का वाण्याकडून हक्का नूडल्सचं पाकीट घेऊन आली. म्हाळाला कांदा-लसूण नाही, म्हणून तिने ते उकडून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि वरून ओलं खोबरं भुरभुरलं. गच्चीवर कावळे जमले. आमच्या आजोबांना शिवले, वडिलांना शिवले, नूडल्सकडे बघून मागे सरकले. आक्का हात जोडून म्हणू लागली, "घ्या हो पणजीबाई, परक्यासारखं करू नका." अखेर एका धीट कावळ्याने एक टोक चोचीत धरलं आणि तो उडाला. ती लांबच लांब नूडल हवेत लोंबकळत समोरच्या बी विंगवर गेली. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणि बायको एकमेकांकडे न बघता उभे होतो. चार-पाच वर्षांची लेक टाळ्या पिटत ओरडली, "पणजी उडाली!"

त्यानंतर नूडल्स दर वर्षी झाल्या.

लेकीपासून आम्ही दत्तकपण कधी लपवलं नाही. ती बोलायला लागायच्या आधीपासून तिला सांगत आलो, आणि त्याचा मला फार अभिमान होता. इतका, की शेजारी एक थाप वाढते आहे याकडे माझं लक्षच गेलं नाही. लेकीला ठाऊक होतं की पणजीशी आपलं रक्ताचं काही नाही. तरी तिला पणजी हवी असायची. शाळेत पोरं तिला 'चायनीज' म्हणायची. रिक्षावाला आरशातून विचारायचा, "मॅडम, कहां से?"

"मुलुंड."

"नहीं, असल में?"

"मुलुंड ईस्ट."

हे ती घरी येऊन नकलेसकट सांगायची आणि आम्ही हसायचो. तीही हसायची. मग झोपताना बायकोला विचारायची, "पणजीला पण रत्नागिरीत सगळे असंच बघत असतील ना?" बायको माझ्याकडे बोट दाखवायची, आणि मी म्हणायचो, "हो तर. पण ती कोणाला भीक घालत नसे." लेक त्यावर झोपी जायची.

साथीच्या दिवसांत, ती कॉलेजात असताना, भाजीच्या रांगेत एका माणसाने तिला "ए कोरोना, पीछे हट" म्हणून हाकललं. रांगेत आमच्याच सोसायटीतले दोघे होते, ते कोथिंबीर बघत राहिले. लेक रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि दारातच तिला श्वास घेता येईना. नंतर तसं वरचेवर होऊ लागलं. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. घराबाहेर पडणं बंद. शेवटी आम्ही एक समुपदेशक बाई शोधल्या. एकदा त्यांनी आम्हालाही बोलावलं आणि लेकीला विचारलं, फार भीती वाटते तेव्हा कोणाची आठवण काढतेस?

"पणजीची," लेक म्हणाली. "ती एकटी परक्या ठिकाणी आली आणि आमच्या घरात मुरून गेली. म्हणजे जमतं."

बाईंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "काका, त्यांच्याबद्दल थोडं सांगाल?"

तिथे बोलायला हवं होतं. बायकोने माझ्या पायावर पाय दिला, तो खरं बोला म्हणून. पण लेक माझ्याकडे अशी बघत होती, की मी पणजीचा अंबाडा, तिचं मोजकं बोलणं आणि समुद्राकडे बघत बसण्याची सवय, सगळं सांगितलं. समुद्र त्याच दिवशी आला, आधी नव्हता. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे केला. मीच दोन घेतले.

लेक हळूहळू सावरली, फिजिओथेरपिस्ट झाली. मध्यंतरी गावच्या चुलतभावाचा फोन आला. त्याने घरावर स्लॅब टाकून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. "दादा, पणजीचा फोटो पाठव. पाहुणे विचारतात." मी आठ दिवस टोलवलं. मग तो म्हणाला, "नसेल तर आक्काला विचारतो." आता आक्काला विचारलं असतं तर तिने तैलचित्रच काढून घेतलं असतं. म्हणून मी एक गोष्ट केली, जिच्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

लेकीचा शाळेच्या गॅदरिंगमधला एक फोटो होता. नऊवारी, खोपा, कपाळावर चंद्रकोर, चेहरा गंभीर. तो घेऊन मी स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेलो आणि तपकिरी करून मागितला. स्टुडिओवाला उत्साही निघाला. "काका, अजून म्हातारी करू?" मी म्हणालो, कर. त्याने गालांवर सुरकुत्या घातल्या, केस पांढरे केले. "अजून?" मी म्हणालो, "बास, हिला फार दगदग नव्हती."

फोटो गावी गेला. भावाने चंदनाचा हार घातला.

गेल्या मे महिन्यात लेक मैत्रिणींबरोबर कोकणात गेली. मला वाटलं, हॉटेलात राहतील. ती गावच्या घरी गेली, कारण तिला पणजीचं घर बघायचं होतं. दुपारी फोन वाजला.

"बाबा," ती म्हणाली, "मी वारले का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इथे भिंतीवर मी आहे. हार घातलाय. काका मैत्रिणींना सांगतायत की मी राजकन्या होते आणि मला मोदक आवडायचे."

"मी सांगतो तुला सगळं—"

"कानाजवळचा तीळ तरी काढायचा ना, बाबा."

ती परत आली, पण घरी राहिली नाही. गोरेगावला, कामाच्या जवळ, मैत्रिणीबरोबर खोली घेतली. मला एकदाच भेटली, स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे. इडलीचे बारीक तुकडे करत बसली, खाल्ली नाही.

"मला वाटायचं, या घरात माझ्यासारखं कोणीतरी आधी येऊन गेलंय," ती म्हणाली. "तर मी पहिलीच निघाले. आणि दुसरं, आत्या. तिने आयुष्यभर माझे लाड केले, ते माझे की पणजीचे?"

"तुझेच गं."

"तुला काय माहीत? तू कधी तपासून बघितलंस? तू आत्याला सांग. म्हाळाच्या दिवशी, पानं मांडायच्या आधी. मी येते. मला बघायचंय, पणजी काढून घेतल्यावर माझं काय उरतं."

पितृपक्षापर्यंत माझं वजन उतरलं. बायको म्हणाली, "चांगलं दिसतंय."

म्हाळाच्या दिवशी आक्का सकाळीच आली. आता ऐंशी उलटलेली, गुडघे ब्रह्मदेशीच, पण स्वयंपाक कोणाला करू देत नाही. वडे झाले, खीर झाली, तिने नूडल्सची फोडणी टाकली. लेक अजून यायची होती. मी ओट्याजवळ गेलो.

"आक्का, आपली पणजी नव्हती."

"कोण नव्हती?"

"पणजी. ब्रह्मदेशची. नव्हतीच."

आक्काने गॅस बारीक केला आणि माझा चेहरा नीट पाहिला. "हात वर कर," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही हात वर कर आणि हस. टीव्हीवर सांगतात. मेंदूत गाठ झाली की माणूस असंच भलतं बोलतं." आणि ओरडली, "अगो, रिक्षा बोलाव!"

तिच्यापुढे माझं कधी चाललेलं नाही. मी दोन्ही हात वर केले. हसलो. "आक्का, मी बरा आहे. पणजी मी बनवली."

"तोंड वाकडं नाही. आता पाय उचल."

मी एका पायावर उभा असताना लेक दारातून आत आली. तिने मला पाहिलं, आक्काला पाहिलं, आणि तिच्या तोंडाचा कोपरा हलला. मे महिन्यानंतर प्रथमच.

"आत्या, तो खरं सांगतोय," ती म्हणाली. "पणजी नव्हती. तू मला जवळ घ्यावंस म्हणून बाबाने ती तयार केली. गावातला फोटोही माझाच आहे."

आक्का स्टुलावर बसली. कढईत नूडल्स चिकटायला लागल्या, त्या बायकोने हलवल्या.

"मग त्या बांगड्या?" आक्का म्हणाली.

"आईच्या."

"आणि खिमट?"

"मला नाही माहीत, आक्का."

"मेल्या," ती मला म्हणाली, "वीस-बावीस वर्षं मी म्हाळाला नूडल्स करतेय. दहिसरला आमच्या बिल्डिंगमध्ये अजून तीन बायका करतात, माझं बघून." मग लेकीकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"मेमध्ये."

"आणि इतके महिने मला फोनवर नुसतं हां आत्या, हो आत्या?"

"भीती वाटली."

"माझी?"

लेकीने मानेनेच हो म्हटलं. हाताचा पंजा छातीवर ठेवला होता, समुपदेशक बाईंनी शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडत होती. "तू मला पणजी म्हणून घेतलंस ना? मग आता…"

मला वाटलं, आक्का आता गोड काहीतरी बोलेल. पण आक्का कधी गोड बोललेली नाही.

"खरं सांगू? घेतलं पणजी म्हणूनच. उगाच खोटं कशाला बोलू, तुझा बाप आहे तेवढा पुरे. पहिलं वर्षभर मी पणजीलाच न्हाऊमाखू घालत होते. पण नंतर तू माझी कवळी गॅलरीतून खाली टाकलीस. गोवरात माझ्या अंगावर ओकलीस. दहावीला गणितात तू काठावर पास, आणि पेढे वाटायला मी चार जिने चढले. त्यात पणजीचा विचार करायला वेळ कोणाला होता? पणजीने माझी कवळी टाकली असती तर पान बंद केलं असतं मी तिचं."

लेक हसायला लागली आणि तिला रडू आलं, दोन्ही एकदम. आक्का तिच्याकडे न बघता कढईत बघत होती.

"आता हे कोणाला वाढायचं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुला पणजी असेलच की गो."

"मला माहीत नाही, आत्या. कोणीच माहीत नाही मला."

"अगो, पणजी नसलेलं माणूस असतं का? तुझी तुला माहीत नाही, माझी मला माहीत नाही. या शहाण्याने वंशावळ लिहिली तर तिच्यात एक बाई नाही. दोघींच्या सारख्याच हरवल्यात. एक पान माझ्या खऱ्या पणजीचं, एक तुझ्या. काय खातात तुमच्यात?"

"मी वर्षाचीही नव्हते. मला काय माहीत?"

"तुला काय आवडतं?"

"सुका जवळा."

"म्हाळाला सुकट? डोकं फिरलंय काय?"

"माझी पणजी आहे," लेक म्हणाली. "तुझी नाही."

मी तिला आयुष्यात दुसऱ्यांदा गप्प झालेली पाहिली. पहिल्यांदा मी थाप मारली होती तेव्हा. मग ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. "मी हात लावणार नाही," तिथून म्हणाली. "तूच कर." आणि दोन मिनिटांत दारात येऊन उभी. "कोकम घाल. आधी भाज, ओलसर राहिलाय. अगो, मीठ नको, खारटच असतो तो!"

गच्चीवर पानं मांडली. वडे, खीर, वरणभात, सगळं साग्रसंगीत. आणि टोकाला जवळ्याचं एक. बी विंगवरून, टाकीवरून, आंब्यावरून कावळे आले आणि सगळेच्या सगळे त्या टोकाच्या पानावर पडले. आमच्या वडिलांकडे कोणी ढुंकून बघेना. आक्का त्यांच्या पानाशी हात जोडून उभी. "अहो, जरा इकडेही लक्ष द्या. आमचीही माणसं वाट बघतायत." लेक कठड्याला टेकून कढईतल्या नूडल्स खात होती. म्हणाली, "या मात्र दर वर्षी करायच्या हं, आत्या. खाली आपल्याला."

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. लेक अजून गोरेगावलाच राहते, अजून बाईंकडे जाते. कधी कधी माझा फोन घेत नाही, आणि घेतला की मी काही सांगू लागताच विचारते, "हे घडलंय की तू घडवतोयस?"

दिवाळीनंतर मी गावी जाऊन फोटो उतरवला. चुलतभाऊ खूप चिडला. सगळं सांगितलं तरी त्याला पटलं नाही. म्हणाला, म्हातारपणी माणूस असं काहीबाही बोलतो. भिंतीवर आता खिळा आहे. पाहुण्यांना तो सांगतो, पणजी मुंबईला गेलीय.

फोटो मी लेकीपुढे ठेवला आणि म्हणालो, फाडून टाक. तिने हार काढला, काच पुसली, आणि तो गोरेगावच्या खोलीत आरशाच्या बाजूला लावला.

"असू दे," ती म्हणाली. "म्हातारी झाले की जुळतं का बघेन."